लिहायचा वेळ कुणाचा?

निव्वळ कथा-कादंबरी लिहून पोट भरलेले मराठी लेखक हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतलीही एक-दोन नावे चर्चेत गळून पडतील. बाकी सगळे कुठे ना कुठे हजेरीपटावर सही करून आलेले. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, श्री. ना. पेंडसे मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरीला होते, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर. शंकर पाटील आधी आकाशवाणीवर, मग पाठ्यपुस्तक मंडळात. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. ‘चारुता सागर’ या नावाने लिहिणारे दिनकर भोसले सांगली जिल्ह्यातल्या शाळेत शिक्षक होते. उर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात, विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत. दि. बा. मोकाशींना नोकरी नव्हती, पण रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, आणि दुकान नोकरीपेक्षा कमी वेळ खाते असे कुणी दुकानदार म्हणणार नाही. म्हणजे नोकरी करून लिहिणे हा आपल्याकडे अपवाद नाही, तीच रीत आहे. तरीही लेखकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच: एवढी नोकरी सांभाळून तुम्ही लिहिता कधी? हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याच्या आड एक दुसरा प्रश्न लपून राहिला आहे. या पुस्तकाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे.

या प्रस्तावनेचे म्हणणे थोडक्यात असे. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याचा वेळ नोकरी जितका खाते असे वाटते तितका ती खात नाही. नोकरीला निदान घड्याळ असते, रविवार असतो, रजेचा अर्ज असतो आणि शेवटी निवृत्ती असते. नोकरीनंतर उरणाऱ्या तासांचे काय होते ते घर ठरवते. स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे, पै-पाहुणा, लग्नकार्य ही कामे कुणीतरी करतच असते. ती दुसऱ्याने केली की लेखकाला संध्याकाळ मिळते. तेव्हा नोकरी आणि लेखन यांचा मेळ कसा घालावा या चर्चेत घराच्या वाटणीचा हिशेब आल्याशिवाय ती चर्चा अर्धीच राहते, आणि मराठीत ती बहुतेक अर्धीच झाली आहे.

आधी नोकरीची बाजू पाहू. नोकरीच नको, पूर्णवेळ लिहावे, हा पर्याय अनेकांना मोहवतो. तो सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात एका माणसाने आयुष्यभर करून पाहिला होता. नारायण हरि आपटे, म्हणजे ना. ह. आपटे. नावाच्या उलटापालटीमुळे त्यांची नेहमी ‘पण लक्षात कोण घेतो’वाल्या हरि नारायणांशी गल्लत होते, आणि त्या गल्लतीत नुकसान कोरेगावकरांचे होते. (हरिभाऊसुद्धा पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते, हे जाता जाता नोंदवून ठेवू.) ना. ह. आपट्यांचा जन्म १८८९ चा, सांगलीजवळच्या समडोळीचा. त्यांनी कोरेगाव हे आपले गाव केले आणि १९७१ मध्ये वारले तोवर त्यांचे नाव याच गावाशी जोडलेले राहिले. त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून प्रभातने १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ काढला. १९२३ सालच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ आला, आणि म्हाताऱ्या नवऱ्याचा संसार नाकारणारी त्यातली नीरा देशभर पोचली. त्या काळी आपट्यांइतका वाचक फार थोड्यांना मिळाला. मग हा माणूस केवळ लिहून जगला का? त्यांनी नियतकालिके चालवली, ‘आपटे आणि मंडळी’ ही प्रकाशनसंस्था चालवली, पटकथा लिहिल्या, ‘गृहसौख्य’सारखी संसारोपयोगी पुस्तके लिहिली. कागद, छपाई, वर्गणी, उधारी, टपाल हे सगळे नोकरीहून वेगळे कसे म्हणायचे? साहेब नव्हता, एवढाच फरक. कोरेगावातल्या एका यशस्वी पूर्णवेळ लेखकाचा दिवससुद्धा पूर्णवेळ लेखनाचा नव्हता.

आज हे गणित आणखी कठीण झाले आहे. मराठी कथासंग्रहाची पहिली आवृत्ती साधारण हजाराच्या आसपास निघते. समजा पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आणि मानधन दहा टक्के, तर सगळी आवृत्ती खपल्यावर लेखकाच्या हाती तीस हजार येतील, तेही एका वर्षात येतील असे नाही. तीन-चार वर्षे खपून लिहिलेल्या पुस्तकाचे हे दाम. एवढ्यावर कोरेगावातही घर चालत नाही, पुण्या-मुंबईचे तर नावच नको. तेव्हा नोकरी सोडून लेखन करा हा सल्ला देणाऱ्याने आधी पगार कोण आणणार ते सांगावे. बहुधा तो पगार घरातले दुसरे माणूस आणत असते, आणि आपण पुन्हा घराच्या दारातच येऊन उभे राहतो.

नोकरीच्या बाजूने आणखी पुष्कळ बोलता येते. सर्वांत जोरदार मुद्दा असा की नोकरीने लेखकाचा वेळ घेतला, पण त्याला विषय दिले. हा मुद्दा खोटा नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कागदपत्रे ज्याच्या टेबलावरून गेली त्या अधिकाऱ्याच्या हातून ‘झाडाझडती’ लिहून झाली, आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विश्वास पाटील मूळचे नेर्ले या गावचे, पण नुसत्या गावच्या ओळखीवर ती कादंबरी उभी राहिली नसती, तिच्यामागे सरकारी दप्तराचा आतून परिचय आहे. मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे विभावरी शिरूरकरांनी, ज्यांना तेव्हाचा कायदा गुन्हेगार जमाती म्हणे त्यांच्या सोलापूरच्या वसाहतीत काम केले, त्यातून १९५० ची ‘बळी’ आली. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ एका पोरसवदा मास्तराच्या नेमणुकीपासून सुरू होते. नेमणुकीचा हुकूम नसता तर त्या वाडीत परका माणूस शिरला असता कशाला?

नोकरीने विषय दिले तसा आकारही ठरवला. कथा हा नोकरदाराला परवडणारा प्रकार. रविवार, दुसरा शनिवार, गणपतीची सुट्टी अशा तुकड्यांत ती बसते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला वर्षाचे एक वेळापत्रक मिळाले, आणि पावसाळ्यात कथा लिहून पाठवायची ही सवय कचेऱ्यांत आणि शाळांत काम करणाऱ्या शेकडो लेखकांनी लावून घेतली. लांब पल्ल्याचे लेखन मात्र बहुधा निवृत्तीची वाट पाहते. पेंडशांनी ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि ‘रथचक्र’ (१९६२) नोकरीत असताना लिहिल्या, पण ‘तुंबाडचे खोत’चे दोन जाडजूड खंड १९८७ मध्ये आले, वयाच्या सत्तरीनंतर. याला उलटी उदाहरणे आहेत. खांडेकरांनी शिरोड्याला मुख्याध्यापकी करतानाच १९३० पासून एकामागून एक कादंबऱ्या काढल्या. कोरेगाव तालुक्यातल्याच रहिमतपूरला जन्मलेले वसंत कानेटकर नाशिकला प्राध्यापकी करता करता आधी ‘घर’, ‘पंख’ या कादंबऱ्या आणि मग नाटकांमागून नाटके लिहीत गेले. म्हणजे नोकरी लेखन अडवते हा नियम काही सिद्ध होत नाही. एकाच प्रकारच्या नोकरीतला एक मास्तर डझनभर पुस्तके लिहितो आणि दुसरा एका संग्रहावर थांबतो. प्रतिभेचा फरक आहेच, पण घरी गेल्यावर काय वाट्याला येते, हाही फरक आहे.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. रोजच्या बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दर शंभरात एक्याऐंशी, पुरुष सव्वीस. ज्या स्त्रिया ते काम करतात त्यांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे, आणि जे पुरुष करतात त्यांची ९७. ही ९७ मिनिटेसुद्धा सगळ्या पुरुषांची नव्हेत, कामाला हात लावणाऱ्या चौथ्या हिश्शाची आहेत. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले, म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही नऊ-दहा मिनिटे कमी झाली आणि अंतर जवळजवळ तिथेच राहिले. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. पाच तासांचे हे काम आठ तासांच्या नोकरीला जोडले की लेखनाला काय उरते हे सांगायला समीक्षक लागत नाही. आपण ज्यांना नोकरी सांभाळून लिहिणारे म्हणून नावाजतो त्यांतले बहुतेक पुरुष हे पाच तास सांभाळत नव्हते. त्यांच्या प्रतिभेवर हा आरोप नाही. त्यांच्या वेळेचा स्रोत तेवढा यातून कळतो.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. काफ्काने प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेतल्या नोकरीबद्दल इतकी तक्रार करून ठेवली आहे की नोकरदार लेखकांचा तो आराध्य दैवतच झाला. पण त्याची कचेरी दुपारी दोनला सुटत असे, तो अविवाहित होता, आणि तिशी उलटेपर्यंत आई-वडिलांच्या घरी राहत होता, जेवणाचे ताट कुठून येते याची चिंता न करता. आपल्याकडे जी. ए. लग्नाच्या फंदात पडले नाहीत, मावसबहिणींबरोबर राहिले. त्यांच्या कथांची घनदाट वीण एकांतातून आली असे आपण म्हणतो. तो एकांत चालत्या घरातला एकांत होता, हे म्हणायचे राहून जाते. सुनीताबाई देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले तेव्हा पु. लं.च्या वाचकांना धक्का बसला तो एका लाडक्या माणसाचे दोष दिसले म्हणून. त्या पुस्तकात एका लेखकाच्या लिहिण्यामागे रोजची किती कामे, किती पत्रव्यवहार, किती व्यवहार दुसऱ्याने उचललेला असतो याचा आतल्या माणसाने दिलेला तपशील आहे. तो त्या गदारोळात फारसा वाचलाच गेला नाही. मराठी लेखनाच्या अर्थशास्त्रावरचे ते एक महत्त्वाचे पुस्तक आहे असे माझे मत आहे, मग ते आत्मचरित्राच्या कपाटात का असेना.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: जातिवंत लेखकाला हे काही आड येत नाही. वेळ नसला तरी तो लिहितोच. बहिणाबाईंना कुठे फुरसत होती? वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना ना स्थिर नोकरी, ना नीट घर, तरी ‘फकिरा’ लिहून झालीच ना? आक्षेप वजनदार आहे, कारण नावे वजनदार आहेत. पण बहिणाबाईंचे उदाहरण नीट पाहिले तर ते उलटीकडे बोट दाखवते. ओवी हात गुंतलेले असताना रचता येते. जात्याच्या पाळीला ती लागते, तोंडपाठ राहते, तिला टेबल-खुर्ची लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढी रचना करणाऱ्या बायांमध्ये प्रतिभेची वाण होती असे कोण म्हणेल? तरी त्यांतून कादंबरी निघाली नाही, कारण कादंबरीला सलग बसावे लागते, काल कुठे थांबलो ते डोक्यात धरून आज उठावे लागते. आणि बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोचली ती मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली म्हणून. ज्या घरात उतरवून घेणारा नव्हता त्या घरातल्या ओव्या गेल्या. अण्णा भाऊंबद्दल एवढेच की ते १९६९ मध्ये, पन्नाशीही न गाठता, हलाखीत गेले. त्यांच्या आयुष्यातून गरिबी साहित्याला पोषक असते असा निष्कर्ष काढणाऱ्याने तो आपल्या मुलांच्या बाबतीत लागू करून पाहावा.

उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) या विषयावर सर्वांत उघड बोलते. सरकारी नोकरी, मुले, नोकरीत असताना केलेले एम. ए., चळवळीतले काम, त्यातच ‘सहावं बोट’ आणि ‘चौथी भिंत’मधल्या कथा, आणि बायको घराबाहेर वाढत चालली म्हणून अस्वस्थ होणारा नवरा. तिथे नोकरी ही अडचण म्हणून फारशी येत नाही, उलट स्वतःचा पगार आणि घराबाहेरचे जग तिच्यामुळेच मिळते. ताण येतो तो दार उघडून घरात शिरल्यावर. कॅनडाच्या ॲलिस मन्रो यांनीही लहान मुलींच्या संसारात सलग वेळ मिळेना म्हणून आपण कादंबरीऐवजी कथेकडे वळलो असे सांगितले आहे. पुढे २०१३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, त्यामुळे ही अडचणच वरदान ठरली असे म्हणण्याचा मोह होतो. ज्यांची कथाही लिहायची राहिली त्या मात्र हे सांगायला उरत नाहीत.

दुसरा आक्षेप पुरुषांकडून येईल आणि तोही रास्त आहे. कोरेगाव तालुक्यातला शिक्षक काय नुसता शाळेतून येऊन आरामखुर्चीत बसतो? त्याची दोन-तीन एकर जमीन असते, त्यात ऊस, आले नाहीतर घेवडा. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने रात्री येते, मग रात्री उठून पाणी पाजायला तोच जातो. शाळेतही शिकवण्याच्या जोडीला निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि मोबाइलवर सतत भरायची माहिती. साताऱ्याला विसेक किलोमीटर जाऊन-येऊन खाजगी नोकरी करणाऱ्याला तर पाच वाजता सुटणारी कचेरी ठाऊकच नाही. पेंडशांच्या पिढीला मिळालेली घड्याळी नोकरी आता कंत्राटात आणि व्हॉट्सॲपच्या गटांत विरघळून गेली, हे खरेच आहे. तेव्हा नोकरीला मी वर दिलेले प्रशस्तिपत्र जुन्या, कायम नोकरीपुरतेच समजावे. पण याने मूळ मुद्दा ढासळत नाही. ज्या घरात नवरा रात्री उसाला पाणी पाजतो त्या घरात बायको पहाटे धार काढून, डबे भरून, भांगलणीला किंवा तीही शाळेवर जाते. वेळ दोघांनाही कमी आहे, म्हणूनच तो कोण कसा वाटतो याला महत्त्व येते. भरपूर वेळ असता तर वाटणीचा प्रश्नच कशाला निघाला असता?

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. घराने लेखकाला वेळ द्यायचा म्हणजे मुलांनी, म्हाताऱ्यांनी आपला हक्क सोडायचा का? एका कथासंग्रहापायी? कलावंताने स्वार्थी असावेच लागते, असे एक तत्त्वज्ञान आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. त्याचा खर्च सांगणाऱ्यांनी क्वचितच भरलेला असतो, म्हणून ते बाजूला ठेवलेले बरे. तापाने फणफणलेल्या मुलापेक्षा अपुरे प्रकरण महत्त्वाचे नाही. पण घरांना वेळ काढता येत नाही हे मात्र खरे नाही. आज तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरून एक टेबल, एक दिवा आणि शांतता मिळते. मुलगा दोन-दोन, तीन-तीन वर्षे दिवसभर तिथे बसतो, घरातले त्याला शेतावर बोलावत नाहीत, त्याचा डबा वेळेवर जातो. अनेक घरांत आता मुलीलाही ही मुभा मिळते. म्हणजे एका माणसाला कामातून मोकळे करून बाकीच्यांनी त्याचे ओझे वाटून घ्यायचे, ही गोष्ट इथल्या घरांना जमते. मंडळाच्या गणपतीसाठी, भावकीच्या निवडणुकीसाठी, वारीसाठीही ती जमते. परीक्षेला तारीख असते, निकाल असतो, पद असते. कथेला यांतले काही नसते, म्हणून तिच्यासाठी मागितलेला तास चैनीचा ठरतो. सून सकाळी तासभर दार लावून बसली तर ती काय करते याचे उत्तर सासूला देता आले पाहिजे, आणि ‘गोष्ट लिहिते’ हे उत्तर अजून रूढ झालेले नाही.

या पुस्तकातल्या लेखांनी म्हणून लेखकांना पहाटे उठण्याचे सल्ले दिलेले नाहीत. पहाटे पाच ते सात लिहा, हा सल्ला पाश्चात्त्य आणि देशी दोन्ही पुस्तकांत सापडतो. ज्या घरात पाच वाजता पाणी येते आणि सहाला डबा लागतो तिथे तो कुणासाठी आहे हे उघड आहे. इथे विचारले आहे ते वेगळेच. लिहिणाऱ्याने घरात काय कबूल करून घेतले आणि बदल्यात काय उचलले, आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी कुणी स्वयंपाक केला, जावा-जावांत, नवरा-बायकोत, आई-मुलीत हे बोलणे कसे झाले किंवा का झाले नाही. काही ठिकाणी उत्तरे क्षुल्लक वाटतील. गॅस कुणी बंद करायचा, असल्या पातळीवरचीही आहेत. साहित्याच्या इतिहासात ती आजवर आली नाहीत, पण मराठी कादंबऱ्यांची जाडी ज्या गोष्टींनी ठरली त्यांत त्यांचा वाटा आहे.

शेवटी एक तपशील संपादक मंडळींसाठी. दिवाळी अंकाच्या कथा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात मागवल्या जातात. तेव्हा श्रावण-भाद्रपद असतो: सोमवार-शुक्रवारचे उपास, मंगळागौर, सत्यनारायण, मग गौरी-गणपती आणि पाठोपाठ पितृपक्षाचे स्वयंपाक. बायकांच्या वर्षातला चुलीपाशी सर्वाधिक काळ जातो तो याच दोन महिन्यांत, आणि मराठी कथेची वर्षाची मुदत नेमकी तिथे येऊन बसली आहे. शंभरहून अधिक वर्षे ही प्रथा चालू आहे. कथा मे महिन्यात मागवायला छपाईच्या कोणत्याही तंत्राची आडकाठी नाही.